कोरफडीचा पिवळा चीक

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात सकाळी फिरायला निघालात तर एकदा मान वर करून गॅलऱ्यांकडे पाहा. तुळस, जास्वंद, मनीप्लँट आणि त्यांच्या शेजारी, रंगाच्या रिकाम्या डब्यात नाहीतर फुटक्या बादलीत, कोरफड. पाणी घाला, घालायला विसरा, पंधरा दिवस गावाला जाऊन या. ती आहे तशीच. काही दारांवर तर ती मुळांसकट उलटी टांगलेली असते, घराला नजर लागू नये म्हणून. माती नाही, पाणी नाही, तरी बिचारी कित्येक दिवस हिरवी राहते.

अशा या सोशिक झाडाची अलीकडे बढती झाली आहे. दारावरून आणि कुंडीतून ती थेट मिक्सरमध्ये जाऊन पोहोचली. सकाळी उपाशीपोटी कोरफडीचा रस. कोणी साखरेसाठी, कोणी पित्तासाठी, कोणी वजनासाठी, कोणी गुडघ्यांसाठी, आणि बरेचसे केवळ ‘चांगला असतो’ म्हणून. बागेच्या फाटकाशी कारले, दुधी, आवळा, गव्हांकुर यांच्या रसांबरोबर तोही मिळतो. पण ज्यांची स्वतःची कुंडी आहे त्यांनी विकत का घ्यावा? पान तोडले, धुतले, तुकडे केले, मिक्सर फिरवला, गाळला आणि डोळे मिटून प्यायला. कडू लागला तर उत्तमच. कडू आहे म्हणजे गुण येणार, याबद्दल आपल्याकडे कोणाला शंका नसते.

या लेखाचा मुद्दा नेमका त्या कडूपणाचा आहे. घरी रस करण्याला माझी काही हरकत नाही. स्वतःच्या कुंडीतले पान, स्वतःची सुरी, डोळ्यांदेखत केलेला रस. गोष्ट चांगलीच आहे. पण कोरफडीच्या पानात एक नव्हे, दोन वेगवेगळ्या वस्तू असतात आणि त्यांचे स्वभाव एकमेकींशी जुळत नाहीत. मिक्सरला त्यातले काही कळत नाही.

पान आडवे कापून पाहा. बाहेर हिरवी, चिवट साल. आत काचेसारखा पारदर्शक, बुळबुळीत गर. आणि या दोहोंच्या मध्ये, सालीला अगदी चिकटून, नखाएवढ्या जाडीचाही नसेल असा एक थर; त्यातल्या नळ्यांमधून पिवळा चीक वाहतो. पान तोडल्याबरोबर देठाकडून जो पिवळसर थेंब ओघळतो, तो हाच. गरात नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणी असते. उरलेल्या एका टक्क्यात काही शर्करांच्या लांब साखळ्या, थोडी खनिजे, थोडी जीवनसत्त्वे. निरुपद्रवी, जवळजवळ बेचव वस्तू. चिकाचे तसे नाही. त्यात ॲलोइन नावाचे द्रव्य असते आणि ते जालीम रेचक आहे. मोठ्या आतड्यात पोहोचले की तिथले जिवाणू त्याचे रूप पालटतात, मग आतडे आवळू लागते, पाणी सुटते आणि पोटात कळा येऊन जुलाब होतात. सोनामुखी ज्या जातीचे औषध आहे, त्याच जातीचे हे. ‘कोरफडीचा रस सुरू केला आणि पोट कसे साफ झाले!’ असे जे कौतुकाने सांगितले जाते, ते पुष्कळदा या चिकाचे कर्तृत्व असते. गराचा त्यात फारसा हात नसतो.

हा चीक आपल्या जुन्या लोकांना चांगला ठाऊक होता. तो आटवून, वाळवून जो काळा, कडूजहर खडा होतो, त्याला काळा बोळ म्हणतात. काष्ठौषधींच्या दुकानात तो आजही मागितला तर मिळतो. पण काळा बोळ कोणी ग्लासभर घेतला नाही. तो उगाळायचा, तोही वैद्यांच्या नाहीतर घरातल्या म्हातारीच्या देखरेखीखाली, आणि मोजून. गराचा उपयोग वेगळा होता. पोराला खोकला झाला की कोरफडीचे पान निखाऱ्यावर भाजायचे, आतला गर पिळून त्यात हळद आणि मध घालायचा आणि चमचाभर चाटवायचा. दोन दिवस, फार तर तीन. खोकला गेला की कोरफड पुन्हा कुंडीत. रोज सकाळी सहा वाजता, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, असे कोणत्या आजीने केल्याचे ऐकिवात नाही. ‘आपले पूर्वज घेतच होते की’ असे म्हणताना त्यांचा चमचा आणि आपला ग्लास यांतला फरक आपण सोयीने विसरतो.

आयुर्वेदात कोरफडीला कुमारी म्हणतात. कुमारी आसव हे औषध सर्वांच्या ऐकण्यातले आहे. पण तेही आसव आहे, म्हणजे गूळ, मध आणि इतर द्रव्यांबरोबर मुरवून, आंबवून तयार केलेले. शिवाय ते किती घ्यायचे, कशाबरोबर घ्यायचे, कोणी घ्यायचे नाही, हे सगळे ठरलेले. मिक्सरमधल्या हिरव्या पाण्याला कुमारी आसवाची पुण्याई लावणे म्हणजे शेजारच्याच्या पदवीवर आपली नोकरी मागण्यासारखे आहे.

बाहेरच्या जगातही हा गोंधळ फार जुना नाही. इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पपायरसात कोरफडीचा उल्लेख आहे. पुढे वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस आणि कुरासाव बेटांवरून जी कोरफड युरोपात जहाजे भरभरून गेली, ती म्हणजे हा वाळवलेला चीकच. गराला बाजारात भाव नव्हता. गराचे दिवस विसाव्या शतकात आले. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी क्ष-किरणांनी भाजलेल्या कातडीवर कोरफडीचे पान लावून गुण आल्याची नोंद केली आणि लोकांचे लक्ष आतल्या गराकडे वळले. म्हणजे पूर्वी कोरफड म्हटले की चीक, तो पोटात घ्यायचा, रेचक म्हणून. नंतर कोरफड म्हटले की गर, तो अंगाला लावायचा. आपण आता सबंध पानच मिक्सरमध्ये घालून दोन्ही एकदम पोटात घेऊ लागलो आहोत.

आणि चिकाचे पुढे काय झाले? अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या रेचकांमधून तो २००२ मध्ये काढून टाकण्यात आला. तो सुरक्षित आहे हे दाखवणारी माहिती उत्पादकांनी पुढे आणली नाही, हे त्याचे कारण. २०१३ मध्ये तिथल्याच एका सरकारी संशोधन कार्यक्रमाचा अहवाल प्रसिद्ध झाला. सबंध पानाचा, चीक न काढलेला अर्क पाण्यातून दोन वर्षे दिलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या होत्या. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कोरफडीच्या सबंध पानाचा अर्क ‘माणसाला कर्करोग होण्याची शक्यता’ असलेल्या गटात टाकला. इथे घाबरून जाण्याचे कारण नाही. या गटाचा अर्थ ‘पुरावा अपुरा आहे, पण दुर्लक्ष करू नये’ असा आहे आणि याच गटात पूर्व आशियातल्या खारवलेल्या भाज्याही आहेत. (आपले आंब्याचे लोणचे नव्हे.) शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण हे सगळे सबंध पानाबद्दल, पिवळ्या चिकासह असलेल्या अर्काबद्दल आहे, स्वच्छ धुतलेल्या गराबद्दल नाही, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. कोरफडीचे पदार्थ करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पिण्याच्या पदार्थात ॲलोइनची मर्यादा दहा लाख भागांत दहा भाग एवढी घालून घेतली आहे. धंदा करणाऱ्यांनाच ज्याची इतकी धास्ती, ते आपण ‘कडू आहे म्हणजे गुणकारी’ म्हणून पितो.

कडूपणाबद्दलची आपली श्रद्धा दुधीच्या बाबतीत याआधी महागात पडलेली आहे. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला. त्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने समिती नेमली. तिने साधा सल्ला दिला: रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखून पाहा, कडू लागला तर फेकून द्या. तरी २०१८ च्या जूनमध्ये पुण्यात, आपल्या इथून हाकेच्या अंतरावर म्हणायला हवे, एका महिलेचा दुधीचा रस पिऊन मृत्यू झाल्याची बातमी आलीच. दुधीतले विष वेगळे, कोरफडीतला चीक वेगळा आणि कोरफडीचा चीक तितका घातकही नाही. पण सवय एकच आहे. तोंडाने ‘नको’ म्हटले तरी आपण नाक दाबून गिळतो. वास्तविक जिभेला कडू कळते ते कशासाठी, हा विचार करण्यासारखा आहे.

आता रस करायचाच असेल तर कसा? हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे.

आधी झाड ओळखा. रोपवाटिकांमध्ये कोरफडीच्या शोभेच्या पुष्कळ जाती असतात. त्या सगळ्या खाण्याच्या नसतात. घायपातही नवख्याला कोरफडीसारखेच दिसते. २०१७ मध्ये चीनमध्ये एका मुलीने कॅमेऱ्यापुढे कोरफड समजून घायपात खाल्ले आणि तोंड-घसा सुजून ती रुग्णालयात गेली. खात्री नसेल तर पान तोडू नका. रस्त्याच्या दुभाजकावरची किंवा कारखान्याच्या कुंपणाजवळची कोरफड तर नकोच. आपल्या भागातल्या वाहनांचा धूर आणि धूळ तिच्यावर बसलेली असते, आणि दुभाजकावरच्या झाडांवर काय फवारतात ते फवारणारालाच ठाऊक. घरच्या कुंडीत किडीचे औषध मारले असेल तर तिलाही हे लागू आहे.

बाहेरच्या बाजूचे, खालचे, जाड पान बुंध्याशी कापायचे. कापलेले टोक खाली करून ते पेल्यात तिरके उभे करायचे आणि पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवायचे. पेल्याच्या तळाशी पिवळे पाणी जमा होईल. ते मोरीत. मग पान धुवून दोन्ही कडांचे काटे काढायचे आणि साल उतरवायची. इथे काटकसर करू नये. बटाट्याची साल जशी आपण पातळ काढतो, तशी ही काढायची नाही. सालीबरोबर थोडा गर गेला तर जाऊ द्या, कारण चीक तिथेच दडलेला असतो. गराचे तुकडे पाण्यात घालून हलक्या हाताने चोळायचे, पाणी फेकायचे, दुसरे घ्यायचे. दोन-तीनदा असे केले की पाण्याचा पिवळेपणा जातो. मग एक तुकडा जिभेवर ठेवून पाहायचा. कडू लागला तर पुन्हा धुवायचा. तरीही कडू लागला तर टाकून द्यायचा. चांगल्या गराला चव जवळजवळ नसते, थोडी गवताची, थोडी काकडीसारखी. दोन चमचे गर पेलाभर पाण्यात फिरवायचा, लिंबू पिळायचे. बस्स. काही घरांत आले, काही घरांत पुदिना घालतात. त्याला कोणाची ना नाही.

केलेला रस लगेच प्यावा. राहिला तर झाकून फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवून टाकावा. उघडा राहिला तर रंग पालटून गुलाबीसर होतो. बाटलीतल्या रसात टिकण्यासाठी संरक्षक द्रव्ये घातलेली असतात, तुमच्या पेल्यात ती नाहीत. रविवारी करून आठवडाभर पुरवण्याची वस्तू ही नव्हे.

किती प्यावा? इथे कोणी ठाम आकडा सांगितला तर त्याच्यापासून जरा लांब राहावे, कारण सर्वमान्य असा आकडा नाही. वर दिलेले दोन चमचे हे औषधाचे माप नाही, पेयाचे आहे. पन्हे किंवा कोकम सरबत प्यावे तसा अधूनमधून प्यायला तर त्याचा त्रास होण्याचे काही कारण नाही. त्याने अमुक रोग जाईल असेही नाही.

जाता जाता आणखी एक. हा सगळा खटाटोप सकाळी करतो कोण? पेला उभा करा, साल काढा, तीनदा धुवा. कंपनीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांना रसाचा नाद लागतो, आणि पहिल्या पाळीला जाणाऱ्या मुलाचा डबा भरता भरता सून कोरफड सोलत बसते. घाईत साल पातळ निघते, धुणे एकदाच होते. ज्याला प्यायचा आहे त्याने स्वतः सोलावा, हा नियम घरात केला तर पुष्कळ प्रश्न सुटतील. एक तर चीक नीट निघेल, आणि दुसरे, रोज प्यायची हौस महिनाभरात आपोआप उतरेल.

काही जणांनी मात्र अधूनमधूनही पिऊ नये. गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्यांनी तर नाहीच. चिकामुळे आतडी जशी आवळतात तसे गर्भाशयही आवळण्याची भीती असते. लहान मुलांना ग्लासाने देऊ नये. ज्यांना आधीच जुलाब किंवा आतड्याचा आजार आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी दूर राहावे. रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी घेणाऱ्यांचे काय होते? त्या गोळीने शरीरातले पोटॅशियम कमी होते, जुलाबांनी आणखी कमी होते आणि हृदयाच्या ठोक्यांना पोटॅशियम लागते. डिगॉक्सिनसारखी हृदयाची गोळी सुरू असेल तर ही गोष्ट विशेष धोक्याची. मधुमेहात काही छोट्या अभ्यासांत उपाशीपोटीची साखर थोडी उतरलेली दिसली आहे, हे खरे. पण ती उतरत असेल तर गोळ्यांच्या जोडीने ती नको तितकी उतरू शकते. आणि उतरत नसेल तर रसाच्या भरवशावर गोळी सोडणारा माणूस दोन्हीकडून बुडतो. कोरफडीच्या सेवनानंतर यकृताला सूज आल्याचे काही रुग्णही जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. त्यांची संख्या थोडी आहे, पण सेवन थांबवल्यावर ते बरे झाले, ही त्यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट.

आणि ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. ‘दुसरे काही औषध चालू आहे का?’ असे विचारले की आपण ‘नाही’ म्हणतो. खोटे बोलत नाही आपण. रसाला आपण औषध मानतच नाही. घरी मात्र तोच रस साखरेवरचे औषध असतो. एकाच पेल्याला दवाखान्यात एक नाव आणि घरात दुसरे.

याचे नवल संत तुकाराम नगरात जास्तच वाटते. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय इथेच आहे. डॉ. डी. वाय. पाटील संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आणि आयुर्वेद महाविद्यालय, दोन्ही इथलीच. ॲलोपथीचे विचारा नाहीतर आयुर्वेदाचे, उत्तर देणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण आपण विचारतो कोणाला? बागेतल्या बाकावर शेजारी बसलेल्याला.

जवळच हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारने तो उभारला आणि देशात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर बनू लागले ते पिंपरीत. पेनिसिलिन तरी काय, बुरशीतूनच निघाले. निसर्गातलेच म्हणायचे तेही. पण बुरशी आली म्हणून शिळा पाव कोणी खोकल्यावर खात नाही. त्या बुरशीतले नेमके हवे ते काढायचे, नको ते टाकायचे, उरलेले मोजायचे, त्याचे एकक ठरवायचे आणि मग ते सुईत भरायचे. पिंपरीच्या कामगारांच्या दोन पिढ्यांनी पाळ्या करून हेच केले. कोरफडीचे चांगले कारखानेही हेच करतात. गर वेगळा काढतात, किंवा सबंध पान घेतले तर त्याचा रस कोळशाच्या चाळणीतून गाळून चीक उतरवतात, आणि शेवटी ॲलोइन किती राहिले ते तपासतात. घरी आपल्याकडे तपासायला यंत्र नाही. सुरी, पाणी आणि जीभ एवढेच आहे, आणि रीतसर वापरले तर तेवढ्याने भागते. विकतची बाटली म्हणजे खात्रीच, असेही समजू नये. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या काही मोठ्या दुकानांतली अंगाला लावायची कोरफडीची जेल प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा त्यांत कोरफडीचा मागमूसही सापडला नव्हता.

अंगाला लावण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कोरफडीच्या गराबद्दल त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे तो तिथेच. २००७ मध्ये थायलंडच्या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांवरच्या चार चाचण्या एकत्र करून पाहिल्या. कोरफड लावलेल्या जखमा सरासरी नऊ दिवस आधी भरल्या होत्या. चाचण्या एकसारख्या नव्हत्या, हेही त्यांनीच नोंदवले आहे. पोळी लाटताना तव्याचा चटका बसला तर आधी बोट वीस मिनिटे नळाच्या धारेखाली धरावे, मग धुतलेला गर लावावा. फोड फुटला असेल, कातडी सोलवटली असेल, तर कुंडीतले पान लावू नये. ते निर्जंतुक नसते.

रस करून उरलेल्या साली बारीक चिरून कुंडीत टाकल्या तर खत होते. पेल्यातले पिवळे पाणी मात्र लगेच ओतून टाकावे आणि पेला घासावा. त्याचा डाग वाळला की सहजासहजी निघत नाही, आणि त्याच पेल्यात नंतर कोणी चहा घेतला तर त्याला नाहक कडू लागतो.